पनवेलला पाहुणे, बाहेर पाऊस आणि हातात चार तास

(या भागाची लेखी प्रत. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जमतील तेवढे काढलेत. सगळे नाही निघाले.)

मागे जो आवाज येतोय तो पावसाचा आहे, तुमच्या इअरफोनचा दोष नाही. खिडकी बंद आहे तरी येतोय. पनवेलचा जुलै आहे, काय करणार.

आज विषय साधा आहे. घरी पाहुणे आलेत, बाहेर धो-धो पाऊस आहे आणि चार तास हातात आहेत. छपराखाली, कोरड्या कपड्यांत, सगळ्यांना मजा येईल असं काय करायचं? यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, "मॉलला घेऊन जा." मग सगळे जातात, तीनदा सरकत्या जिन्याने वर-खाली करतात, एक आइस्क्रीम खातात आणि घरी येतात. याहून बरं काहीतरी असतं, आणि ते फार महागही नसतं.

आधी आपला पाहुणा समजून घेऊ, कारण पनवेलचा पाहुणा हा वेगळाच प्रकार आहे. पुण्याला पाहुणा येतो तो पुणं बघायला. पनवेलला येतो तो बहुतेक वेळा पुढे जायला. कोकणच्या गाड्या इथे थांबतात, एसटी इथून सुटते, एक्सप्रेसवे कळंबोलीला सुरू होतो. पार कन्याकुमारीपर्यंत जाणारा एनएच ६६ सुद्धा पनवेलपासूनच निघतो. त्यात आता विमानतळ. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडायला लागली. आत्तापर्यंत "गाडीला वेळ आहे, येऊन जातो" म्हणणारे मामा होते, आता "फ्लाइटला वेळ आहे गं" म्हणणारा आतेभाऊसुद्धा आहे. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात. म्हणजे थांबणं आणखी वाढतं.

थोडक्यात, आपल्याकडे माणूस तीन दिवस राहत नाही, तीन-चार तास राहतो. आणि येणारी टोळी मिक्स असते. गुडघे दुखणारी आजी, आठ वर्षांचा एक भुंगा, कॉलेजातली एक ताई जिचं डोकं फोनमध्ये, आणि दोन मोठी माणसं ज्यांना फक्त चहा हवाय. होतं काय, की सगळे हॉलमध्ये बसतात, टीव्ही चालू, प्रत्येक जण आपापल्या स्क्रीनवर, आणि मग "चला, निघतो" म्हणून चपला घालतात. आजीला नातवंडं वर्षातून एकदा चार तास भेटतात आणि त्यातले तीन तास ती त्यांच्या डोक्याचा भांग बघत असते. मला हे खटकतं. म्हणून हा भाग.

कुठलीही जागा, कुठलाही खेळ निवडताना मी एकच प्रश्न विचारते: आपली पाळी नसताना काय होतं? कारण हिशेब मांडून बघा. सहा जण असतील तर कुठल्याही पाळीच्या खेळात तुम्ही एक भाग खेळता आणि पाच भाग थांबता. त्या पाच भागांत गंमत असेल तर पैसे वसूल. नसेल तर ती रांग आहे, नुसती रंगीत दिव्यांची.

या चाळणीतून बोलिंग काढू. खेळ अगदी सोपा. दहा पिना, दहा फ्रेम, प्रत्येक फ्रेमला दोन संधी. सहा जण एका लेनवर असले तर एकदा टाकल्यावर तुमची पाळी यायला तीन-चार मिनिटं सहज लागतात. पण ती मिनिटं मजेची असतात. काकांचा बॉल गटारात गेला की सगळे ओरडतात, वर स्क्रीनवर स्कोअर दिसतो, कोणाचं नाव मुद्दाम चुकीचं टाइप केलेलं असतं. थांबणाऱ्याला काम आहे: चिडवणं. म्हणून बोलिंग पास. दोन गोष्टी मात्र काउंटरवरच विचारून घ्या. एक, लहान मुलांसाठी लेनच्या कडेचे कठडे वर करता येतात का. दोन, रॅम्प आहे का. रॅम्प म्हणजे घसरगुंडीसारखा लोखंडी सांगाडा. त्यावर बॉल ठेवायचा आणि नुसता ढकलायचा. आजी खुर्चीत बसून खेळू शकते, आणि नेम नीट लावला तर सगळ्यांना हरवूही शकते. बॉल साधारण सहा ते सोळा पाउंडांचे असतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याने हीरोगिरी न करता हलका उचलावा, दुसऱ्या दिवशी मनगट दुखतं.

आता व्हीआर, म्हणजे तो मोठा चष्मा घालून खेळायचे खेळ. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, तरी सांगते: पाहुण्यांसाठी हा नापास. ज्याच्या डोळ्यावर चष्मा आहे त्याला भन्नाट वाटतं, बाकीचे पाच जण एका माणसाला हवेत हात मारताना बघतात. पहिलं मिनिट हसू येतं, नंतर सगळे फोन काढतात. त्यात काहींना मळमळतं. कारण असं, की डोळे सांगतात "आपण धावतोय" आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो "आपण उभे आहोत". मेंदूला दोन्ही साक्षी पटत नाहीत. शिवाय मान वळवल्यापासून चित्र वळेपर्यंतचा वेळ वीसेक मिलिसेकंदांच्या वर गेला की ते जाणवायला लागतं. स्वस्तातल्या जुन्या मशीनवर तो जातोच. आणि पुढे चार तास एसटीचा घाट ज्याला चढायचाय त्याला आधीच मळमळवून पाठवायचं, हा कुठला पाहुणचार?

आर्केडमधल्या त्या खेळणी उचलायच्या पंजाबद्दल पण बोलू, कारण आठ वर्षांचा भुंगा थेट तिकडेच जातो. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये पंजाची पकड किती घट्ट हे आतून सेट करता येतं, आणि किती डावांनी एकदा पूर्ण ताकदीने धरायचं हेही. म्हणजे तुमचा नेम बरोबर असला तरी टेडी सुटू शकतो, आणि ती चूक तुमची नसते. पोराला हे आधीच सांगा. सांगितल्यावर माझ्या भाचीने खेळणं सोडून बाजूला उभं राहून लोकांचे डाव मोजायला सुरुवात केली, आणि तिला त्यातच जास्त मजा आली. दुसरं म्हणजे ते कार्ड. पैसे भरले की त्याचे पॉइंट होतात, आणि मग एक खेळ किती रुपयांना पडला हे कोणालाच कळत नाही. कार्डात आधी थोडेच पैसे भरा. संपले की परत भरताना हात आपोआप थबकतो.

ट्रॅम्पोलीनबद्दल फार बोलत नाही. मुलांना सोडा, तासाभरात ती दमतात, तुम्ही बाहेर कॉफी प्या. गुडघेवाल्यांनी लांब राहा.

हे सगळं कुठे? जुन्या हायवेवरचा ओरायन मॉल आहेच, सिनेमा तिथे बघता येतो. पण मुलांना थोडं फिरवून आणल्यासारखं हवं असेल तर मी लोकलने सीवूड्सला न्यायला सांगेन. पनवेलहून हार्बरची गाडी पकडायची. खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, सीवूड्स, पाचवं स्टेशन. मॉल स्टेशनलाच लागून आहे, छत्री उघडायची गरज जवळजवळ पडत नाही. पनवेल हे हार्बरचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे जाताना बसायला जागा मिळते, आजी खूश. येताना वेळ सांभाळा. संध्याकाळी सहानंतर पनवेलकडे येणारी लोकल म्हणजे मनोरंजन नाही.

आणि एक अगदी स्वस्तातली गंमत. चार स्टेशनं पुढे बेलापूरला उतरून मेट्रोत बसा. बेलापूर ते पेंधर, ११ स्थानकं, १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे. गावाकडून आलेल्या लहान मुलांना हे बोलिंगइतकंच आवडतं, शपथ! गार एसी, काचेवर पाऊस, खाली खारघर आणि लांबवर डोंगर. जा, त्याच गाडीने परत या.

इमॅजिका? विचारणार हे माहीत होतं. खोपोलीजवळ, २०१३ मध्ये सुरू झालेलं. तिथे छपराखालचं बरंच आहे: 'मिस्टर इंडिया' सिनेमावरची हलत्या खुर्च्यांची राइड, हवेतून भारत दाखवणारी 'आय फॉर इंडिया', आणि बर्फाचं स्नो पार्क. पण तो पूर्ण दिवसाचा बेत आहे. चार तासांच्या पाहुण्याला तिकडे नेलंत तर तो रांगेत उभा राहून घड्याळ बघेल. पाहुणा मुक्कामी असेल, सकाळी लवकर निघणार असाल, तरच.

आता एस्केप रूम. मला स्वतःला सगळ्यात आवडणारा प्रकार. एका खोलीत तुम्हाला सोडतात, साधारण एक तास, आणि कोडी सोडवत कुलपं उघडत बाहेर यायचं. याची सुरुवात २००७ मध्ये जपानमध्ये क्योटोला झाली असं मानतात. ताकाओ कातो नावाच्या माणसाने कॉम्प्युटरवरचे 'खोलीतून सुटा' खेळ खऱ्या खोलीत आणले. आमच्या चाळणीत हा पहिला नंबर, कारण इथे पाळीच नसते. सगळे एकदम खेळतात. आणि गंमत अशी, की हुशार समजला जाणारा दादा आकड्यांत अडकून बसतो आणि चावी सापडते ती उशा उलट्या करणाऱ्या भुंग्याला. चार ते सहा जण बरे. दहा जण एका खोलीत कोंबले तर निम्मे नुसते भिंतीला टेकून उभे राहतात.

पण इथे जरा थांबते, कारण बंद जागेतल्या मजेबद्दल बोलताना हे न सांगता पुढे जाता येत नाही. २५ मे २०२४. राजकोट. सुट्टीतला शनिवार. एका गेम झोनला आग लागली आणि २७ माणसं गेली, त्यात मुलं होती. पत्र्याचा सांगाडा, आत वेल्डिंगचं काम चालू, गो-कार्टसाठी साठवलेलं इंधन, आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला नाही. त्याआधी, जानेवारी २०१९ मध्ये, पोलंडमधल्या कोशालिन शहरात एका एस्केप रूममध्ये आग लागली आणि पंधरा वर्षांच्या पाच मुली बाहेर पडू शकल्या नाहीत. वाढदिवस साजरा करायला गेल्या होत्या.

मी घाबरवत नाहीये. मी अशा जागी जाते आणि पुढेही जाणार. फक्त आत गेल्यावर दोन मिनिटं खर्च करा. बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे तो डोळ्यांनी बघा. त्या दारासमोर खुर्च्या, खोकी, बंद पडलेलं मशीन तर ठेवलेलं नाही ना? एस्केप रूमवाल्याला सरळ विचारा, "मला आत्ता बाहेर यायचं झालं तर कसं येऊ?" चांगला माणूस लगेच दाराजवळचं बटण दाखवतो, आणि बहुतेक ठिकाणी खरं दार खेळभर उघडंच असतं, बंद असल्याचं फक्त नाटक असतं. "काळजी करू नका मॅडम, आम्ही कॅमेऱ्यात बघतोय" एवढंच उत्तर आलं तर पैसे परत घ्या आणि निघा. पाहुण्यांसमोर वाईट दिसतं, दिसू दे. त्यांची मुलं तुमच्या भरवशावर आत जात असतात.

बरं. आता ज्याबद्दल बोलायचं म्हणून मी हा विषय घेतला, तिथे येते. जुन्या पनवेलमध्ये आद्यक्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे. फडके इथलेच, शिरढोणचे. १८४५ सालचा जन्म. महापालिकेचं नाट्यगृह आहे आणि मोठमोठी व्यावसायिक नाटकं इथे लागतात. आणि तरी पाहुण्याला "चल, नाटकाला जाऊ" असं म्हणणारे पनवेलकर मला फार कमी भेटतात. मुंबईत राहणारी माझी एक मैत्रीण दादरला नाटकाची तिकिटं मिळाली नाहीत म्हणून पनवेलला येऊन प्रयोग बघून गेली. आपण मात्र त्याच वेळी ओरायनच्या सरकत्या जिन्यावर.

तुम्ही म्हणाल, नाटकात काय इंटरॅक्टिव्ह आहे? नुसतं बसायचंच ना? एकदा विनोदी नाटकाला पुढच्या पाच ओळींत बसून बघा. हशा लांबला की नट पुढचं वाक्य धरून ठेवतो, हशा आला नाही तर पुढच्या वाक्याचा वेग बदलतो. तुमचा हशा त्या प्रयोगात मोजला जातो. सिनेमात तुम्ही हसा, रडा, घोरा, हीरोला काही फरक पडत नाही. आणि पाळीचा प्रश्न? मध्यंतर. पंधरा मिनिटं, हातात गरम बटाटावडा, आणि "सून खरं बोलतेय की खोटं" यावर आजी आणि कॉलेजवाली ताई यांची खडाजंगी. चार तासांत नाटक बरोबर बसतं: अडीच-तीन तासांचा प्रयोग, दोन्ही बाजूला रिक्षा. तिकिटं फोनवरून निघतात. आजीसाठी कडेची सीट घ्या, म्हणजे पाय मोकळे करता येतात. पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर नको, त्याच्यावरही अन्याय आणि नटांवरही.

आणि पाहुणे हिवाळ्यात येणार असतील तर अटल करंडकच्या तारखा बघून ठेवा. राज्यस्तरीय एकांकिका स्पर्धा, आपल्या पनवेलमध्ये होते. एकांकिका छोटी, तासाभराच्या आतली. एक संपली की कॉलेजची पोरं धावत सेट उचलतात, पुढच्या टीमची पोरं धावत सेट लावतात, आणि त्या मधल्या वेळात अख्खं प्रेक्षागृह परीक्षक झालेलं असतं. "लाइट भारी होता रे," "शेवट कळलाच नाही," "कळला, पण पटला नाही." शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी वाद घालता येतो अशी दुसरी जागा मला पनवेलमध्ये माहीत नाही. लोकल सोडून.

शेवटी, कुठेच जायचं नसेल तर? पाऊस एवढा आहे की रिक्षावाला "नाही" म्हणायलासुद्धा थांबत नाही. मग घर. आणि घरात कॅरम असेल तर अर्धं काम झालं. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी, आणि बोरिक पावडर. पावसात बोर्ड दमट होतो, स्ट्रायकर अडखळतो, म्हणून आधी कोरड्या फडक्याने पुसा, मग पावडर, तीही चिमूटभर; पोरं पीठ मळायला घेतल्यासारखी ओततात. कॅरममध्ये थांबणाऱ्याचं काम काय? सल्ला देणं. न विचारता. घरातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या डावात तज्ज्ञ असतो.

पत्त्यांत चारच जण असतील आणि डोकं लावायचं असेल तर मेंढीकोट: दोन-दोनच्या जोड्या, दश्श्या पकडायच्या, चारही मिळाल्या तर कोट. पाच, सहा, सात, कितीही जण असतील तर बदाम सात. आठ वर्षांच्या मुलाला दोन मिनिटांत कळतो. पण त्यातली खरी मजा अडवण्यात आहे. हातात चौकटची सत्ती असेल आणि दुसरं काही लावता येत असेल तर सत्ती दाबून ठेवा. तुम्ही ती टाकेपर्यंत अख्ख्या घराची चौकट अडकून पडते. आजी हे करते. चेहऱ्यावर काही दाखवत नाही आणि "नाही बाई माझ्याकडे काही" असा निरागस सूर लावते. ज्या नातवाने आजीला देवपूजा करतानाच पाहिलंय त्याला ती त्या दिवशी वेगळीच दिसते.

फोन बाजूला ठेवा असं मी मुद्दामच म्हणत नाही. ताईचा फोन काढून घेतलात तर ताई पण जाते. त्यापेक्षा एकच फोन मधोमध ठेवा आणि लुडो लावा, ऑफलाइन, एकमेकांकडे फोन सरकवत. लुडो किंग हे ॲप आपल्या शेजारचं आहे, नवी मुंबईतल्या कंपनीने २०१६ मध्ये आणलं आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये घराघरांत गेलं. मूळ खेळ आपली पचीशी. इंग्लंडमध्ये १८९६ मध्ये त्याला लुडो नावाने पेटंट मिळालं, कवड्यांच्या जागी फासा आला, आणि फिरून तो नवी मुंबईहून आपल्या फोनमध्ये परत आला. आजीला विचारा कवड्यांनी दान कसं मोजायचे. बहुधा तिला येत असेल. मग ॲप बंद होतं आणि खडूने फरशीवर पट आखला जातो. कवड्या नसल्या तर चिंचोके चालतात, अर्धे फोडलेले.

आणि निघायच्या आधीचा अर्धा तास, जेव्हा बॅगा दारात असतात, गाडी 'लेट' दाखवत असते आणि कुठलाच डाव मांडता येत नाही, तेव्हा गाण्यांच्या भेंड्या. त्यात सामान लागत नाही, चालत्या रिक्षातही खेळता येतात आणि पनवेलच्या प्लॅटफॉर्मवरही. फक्त 'ळ'चं काय करायचं ते आधी ठरवून घ्या, नाहीतर तिथे भांडण ठरलेलं. आमच्याकडे 'ळ' आला की 'ल' धरतात, 'ण' आला की 'न'. मावशीकडे मात्र 'ळ' देणाऱ्या टीमलाच पुन्हा गावं लागतं. तुमच्याकडे काय नियम आहे ते कमेंटमध्ये लिहा, मला खरंच हवाय. गाडी आली वाटतं, म्हणजे आमच्याकडचे निघतायत. भेटू पुढच्या भागात!